पांढरा बॉल हातात

पप्पा,

आज सोमवार, ११ ऑगस्ट. दुपारचे तीन वाजून पन्नास मिनिटं. पूलच्या दुसऱ्या टेबलाचं कापड आत्ताच ब्रशने झाडून झालं आणि टेबलाखालचा बल्ब मी पुन्हा लावला. पावसाळ्यात हरमलच्या किनाऱ्याची ओल कापडात शिरते आणि बॉल चिखलातून चालल्यासारखे चालतात, म्हणून उबेसाठी हा बल्ब. युक्ती तुमचीच. हॉल आता मी सांभाळतो. पर्यटक ऑक्टोबरशिवाय येत नाहीत, हॉल रिकामा आहे, म्हणून लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. तुमची सून तुम्ही पाहिली नाहीत. ती इथल्याच औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. तेवढ्यात जेवून ती स्कूटरवरून इथे येते आणि आम्ही पूल खेळतो. म्हणजे, खेळत होतो. मधले पाच दिवस ती आली नव्हती, आणि चूक माझी होती.

खाणी बंद पडल्या आणि तुमचा खनिज वाहायचा टिपर कारापूरच्या घरामागे गंजत उभा राहिला, तेव्हा तुम्ही आम्हाला घेऊन इथे आलात. ड्रायव्हरचा हॉलवाला झालात. दोन टेबलं सांभाळायची, कापड ताणायचं, स्टिकची टोकं घासायची. खेळायला तुम्ही परदेशी लोकांचं बघून शिकलात, आणि दोन वर्षांत तेच लोक तुमच्याशी पैज लावायचं टाळू लागले. मी नववीनंतर शाळा सोडली तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात स्टिक दिलीत एवढंच. मी आठ-दहा बॉल सलग चुकायचो आणि तुम्ही एका दमात टेबल रिकामं करायचात. हॉलचे मालक खुर्चीवरून टोमणा मारायचे, "ड्रायव्हरा, पोराक एक डाव तरी जिंकूंक दी मरे." तुम्ही स्टिकला खडू लावत म्हणालात, "म्हजो खेळ हांव उणो करचो ना. ताची वाट सोपी करतां."

ती सोपी वाट म्हणजे पांढरा बॉल हातात. माझी पाळी आली की मी पांढरा बॉल, स्टिकने ज्याला मारतात तो, उचलून हवा तिथे ठेवायचा आणि मग मारायचं. तुम्ही मात्र तो जिथे थांबला तिथूनच मारणार. पहिले काही महिने प्रत्येक पाळीला. मग डावात पाच वेळा, मग तीन वेळा, मग एकदाच. डाव सुरू होण्याआधी तुम्ही मोठ्याने विचारायचात, आज किती? मी आकडा सांगायचो. लोकांसमोर सांगायला लाज वाटायची, पण त्या आकड्यात कुठे काही लपवलेलं नसायचं. हरलो तर का हरलो ते मला कळायचं.

एक दिवस असा आला की तुमचे बाकीचे सगळे बॉल घालून झाले आणि ज्यावर डाव जिंकतात तो काळा बॉल तेवढा उरला. कोपऱ्यातल्या पॉकेटपासून वीतभर. तुम्ही वाकलात, मारलात, आणि तो कडेला लागून परत आला. मी पुढच्या दोन फटक्यांत डाव जिंकला. मालकांनी टाळ्या वाजवल्या. मी स्टिक स्टँडला लावली आणि म्हणालो, "मुद्दाम सोडलात. मला भीक नको." तुम्ही बराच वेळ त्या पॉकेटकडे बघत होतात. मग म्हणालात, "चुकलों रे पुता. खरेंच चुकलों."

मी विश्वास ठेवला नाही. पुढचे तीन महिने तुमच्याबरोबर खेळलो नाही. दुपारी तुम्ही एकटेच बॉल लावायचात, मी बाहेर पायरीवर बसून आवाज ऐकायचो. नंतर तुम्ही गेलात. बाराव्या दिवशी आईने सांगितलं की साखर तुमच्या डोळ्यांत उतरली होती. बॉलची कड तुम्हाला दुहेरी दिसायची. नोकरी जाईल म्हणून मालकांना सांगितलं नव्हतं, आणि मला का नाही, ते आईलाही माहीत नव्हतं.

हे सगळं माहीत असून मी काय केलं ते ऐका. तिला पूल शिकवताना मी पांढरा बॉल तिच्या हातात दिला नाही. ती बारावी होऊन पुढे औषधांचा डिप्लोमा केलेली, मी नववीतून सुटलेला. सवलत सांगितली तर तिला कमीपणा वाटेल, आणि सारखी हरली तर ती यायची बंद होईल, अशी मला भीती वाटली. दिवसभरात आम्हा दोघांचा म्हणावा असा तेवढाच एक तास असतो. म्हणून मी गुपचूप चुकू लागलो. बोटभर बाहेर, संशय येणार नाही असा. आणि माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. चुकण्यातही मी नेम पाळला. दर तिसरा डाव तिचा.

ती दिवसभर गोळ्या मोजते. गेल्या मंगळवारी तिने स्टिक टेबलावर आडवी ठेवली. "दर तिसऱ्या डावाक तू चुकता. म्हाका मोजूंक येता."

मी म्हणालो, खरंच चुकलो. तुमचेच शब्द, पप्पा. तुम्ही ते खरे म्हणून उच्चारले होते आणि मी खोटे म्हणून वापरले. तिने हेल्मेट उचललं. "म्हाका तुजी दया नाका. सवलत दिवची आसल्यार तोंडार सांगून दी," म्हणाली आणि गेली. त्यानंतर घरात आम्ही गॅस, भाजी, लाइटचं बिल, एवढंच बोलत होतो.

आज सकाळी ती स्कूटर बाहेर काढत असताना मी सगळं सांगितलं. तुमच्याबद्दलही, पायरीवर बसण्याबद्दलही. तिने स्कूटर सुरू केली आणि निघून गेली. मला वाटलं, संपलं. पण सव्वादोनला ती दारात उभी होती, रेनकोट निथळत. "डावाक पांच खेपे बॉल म्हज्या हातांत," तिने मोठ्याने सांगितलं. "आनी तुवें सोडचें न्हय."

मी सोडलं नाही. चार डाव मी जिंकले, त्यातले दोन तर तिचे चार-चार बॉल टेबलावर असताना. ती ओठ दाबून पुढचा डाव लावायची. पाचव्यात माझा फक्त काळा बॉल राहिला होता, सोपा, सरळ. मी मारला आणि चुकलो.

तिने माझ्याकडे बघितलं. "खरेंच?"

"खरेंच," मी म्हणालो.

तिने लगेच मान डोलावली. पुन्हा विचारलं नाही. पांढरा बॉल उचलला, तीनदा जागा बदलली, आणि आपला शेवटचा बॉल आणि मग काळा, दोन्ही घातले. पावणेचारला ती हसत दुकान उघडायला गेली. उद्या पाचऐवजी चार, असं दारातून सांगून गेली.

हे पत्र मी कुठे पाठवणार? वहीतच राहील. पण एक गोष्ट तुम्हाला सांगतो. तो फटका मारताना माझं लक्ष बॉलकडे नव्हतं, तिच्या तोंडाकडे होतं. ती जिंकावी असं मला वाटत होतं. मी मुद्दाम चुकलो नाही, एवढं नक्की. पण खरंच चुकलो का, ते मला सांगता येत नाही. उद्या डाव लावायच्या आधी मला हे तिला सांगावं लागेल, आणि त्याची मला फार भीती वाटते आहे.