आईच्या चेहऱ्याची पाकिटं

नरोली, मंगळवार, संध्याकाळ

वकीलबाईंकडून आत्ताच आले. डोकं भणभणतंय. आमच्या काळ्या मसाल्याच्या पाकिटावरचं आईचं चित्र माझ्या मामेभावाने, सुनीलने, स्वतःच्या नावावर ट्रेडमार्क म्हणून नोंदवून घेतलंय. आता मलाच नोटीस, की ते छापायचं नाही. फोन केला तर म्हणतो, "ताई, ती माझी आत्यापण होती ना." होती. पण शेवटपर्यंत तिच्याबरोबर मसाला भाजायला चुलीपाशी कोण होतं?

वकीलबाई म्हणाल्या, "नोंदणी त्याची असली, तरी त्याच्या आधीपासून तुम्ही हे चित्र वापरताय एवढं दाखवता आलं तर हक्क तुमचा राहतो. जुनी पाकिटं घेऊन या."

कुठून आणू? कामगारांच्या खोल्यांवर मसाला द्यायला गेले की रिकामी पाकिटं मी परत मागून आणायचे आणि चुलीत घालायचे. आईचा चेहरा गटारात पडू नये म्हणून. एकही ठेवलं नाही. वेडी का मी?

येताना नाक्यावर गटाराच्या कडेला एक पाकीट दिसलं. आईच ती. उचललं, पदराने पुसलं. चेहऱ्यावरचा चिखल निघाला. खाली छापलेलं सुनीलचं नाव काही निघेना.