दुपंखी विमानाचे दोरे

प्रिय दादा,

बाबांचं ते जुन्या दुपंखी विमानाचं मॉडेल आज पूर्ण झालं. त्यांना आता जवळजवळ दिसत नाही, म्हणून वरच्या-खालच्या पंखांमध्ये तारांच्या जागी लावायचे बारीक दोरे मीच ओवले. ते प्रत्येक दोरा बोटानं छेडायचे. "सैल आहे, काढ," म्हणाले की मी काढायची. ऑफिस, स्वयंपाक, त्यांची औषधं आणि वर हे. मान पार कामातून गेली.

आज शेवटचा दोरा ताणून चिकटवला. बाबांनी सगळे छेडून पाहिले आणि कितीतरी दिवसांनी हसले.

"आलास शेवटी! हे तुलाच जमतं, दादा. धाकटी कुठंय?"

आताशा त्यांना माणसांची अशी गल्लत होते. मी आवाज जाड करून म्हटलं, "भाजी आणायला गेलीय."

"बरं झालं. फार दमते रे ती. बोलत नाही, पण मला कळतं. तू राहा थोडे दिवस, तिला जरा निजू दे. राहशील ना?"

"राहतो," मी म्हटलं.

तुझ्या वतीनं शब्द देऊन बसलेय. पण हे पत्र पाठवणार नाही. पाठवूनही तू आला नाहीस, तर ते सोसायचं त्राण आता उरलेलं नाही.

तुझी,
धाकटी