व्याहीभेट आणि दोन फुर्सती

५ जानेवारी, सकाळी
राग आजपासून बंद. डॉक्टर म्हणाले बीपी चढलंय. म्हटलं, चढलंय तर उतरेल, बिऱ्हाड थोडंच केलंय तिथं! तरी संकल्प तो संकल्प.

उद्या आमच्या चारूला पाहायला धुळ्याहून, देवपुरातून माणसं येणार. पाहायला म्हणजे नावाला. चारू आणि तो तेजस ठिबक सिंचनाच्या कंपनीत समोरासमोर बसतात, पाहून कधीच झालंय. आपण फक्त पोहे खायचे. चारूनं बजावलं, नाना, उद्या सिनेमावर बोलू नका. मी कशाला बोलतोय? डाळमिलमध्ये मुकादमी केलेला माणूस, चाळीस हमाल जिभेच्या गोडीवर सांभाळले. (एकदाच एकाला पोत्यासकट फेकला. पोतं फाटलं नाही.)

६ जानेवारी, संध्याकाळी
सोयरीक ठरली. लग्न सहा फेब्रुवारीला, जळगावातच.

तेजसचे वडील मगनआबा. एसटी डेपोत मेकॅनिक होते. हात म्हणजे पाना. बैठकीतलं माझं जुनं पिक्चरचं पोस्टर पाहून माणसाच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाले, नाना, तुम्हीपण फुर्सतवाले? मी उठून मिठीच मारली. सातवीत शाळा सुटली, पुढचं सगळं शिक्षण थिएटरात झालं, आणि त्या शाळेतला वर्गबंधू असा घरी चालत यावा!

इटलीवाल्यांचे घोड्या-बंदुकांचे पिक्चर, हिंदीत बोलणारे. एकूण तीन. ‘मरने की फुर्सत नहीं’, ‘मरने की फुर्सत किसे’ आणि ‘फुर्सत से मरना’. हिरो तोच, घोडा तोच, मरणारेही बहुतेक तेच. पण श्रेष्ठ पहिलाच. विहिरीचा सीन! हिरो काठावर बसून पाणी पितोय, एका हातानं अकरा माणसं लोळवतो, पेल्यातलं पाणी हलत नाही.

मगनआबा म्हणाले, सीन बरा शे, पण दुसरी फुर्सत ती फुर्सत. न्हाव्याच्या खुर्चीत हिरो, तोंडाला फेस, गळ्याशी वस्तरा. फडक्याखालून तिघांना गोळ्या घालतो आणि न्हाव्याला म्हणतो, कल्ले सारखे कर. तुमनी पहिली म्हंजे लेकरांची फिलम.

मी शांतपणे कप खाली ठेवला. कान माझ्या हातात राहिला, बाकीचा कप त्यांच्या धोतरावर. राग नव्हताच. हल्ली कपच तकलादू येतात.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ घेऊन देवपूरला गेलो. गोड बोलायचं म्हणूनच गेलो. बायको मंदा बरोबर होती.

गोडच बोललो. फक्त विहिरीचा सीन नीट समजावा म्हणून त्यांच्या केरसुणीनं करून दाखवला. केरसुणी कपाटाच्या काचेला लागली. मग त्यांनी न्हाव्याचा सीन दाखवायला मला खुर्चीत बसवलं, गळ्याला टॉवेल बांधला. जरा जास्तच आवळला. माझी लाथ आपोआप उडाली, गुडघ्याला मारत नाहीत का डॉक्टर हातोडी, तसंच. त्यांनी तिळगुळाचा डबा फेकला. माझ्या कपाळावर टेंगूळ.

त्यांची मंडळी प्रमिलाबाई मध्ये पडल्या. मंदाला म्हणाल्या, ताई, दोन्ही डोकरा येडा व्हई ग्यात. मंदा साक्रीची, तिलाही अहिराणी फुटली. म्हणाली, मन्हा तर लगनना आधीपासून शे.

परतताना गाडीत मंदा खिडकीकडे तोंड करून बसली. दमली असावी.

१९ जानेवारी
आज शेतात भरीत पार्टी. कल्पना माझी. भांडण मिटवायचं तर भरितासारखं औषध नाही. कपाशीच्या काड्यांवर वांगी टाकली, मिरच्या भाजल्या, दोघं व्याही शेजारी शेजारी बसलो. मुसळानं वांगी ठेचायचं काम दोघांनी मिळून घेतलं. एक ठोका माझा, एक त्यांचा.

मी ठोक्याला म्हटलं, पहिली. ते म्हणाले, दुसरी. पहिली. दुसरी. भरीत झालं, पण ठेचणं थांबेना. माझं मुसळ त्यांच्या अंगठ्यावर बसलं. त्यांनी गरम वांगं, देठासकट, माझ्या तोंडावर मारलं. मी मिरच्यांची परात. पुढचं दिसलं नाही, डोळ्यांत मिरची होती. कळलं ते एवढंच, की जळगावचे तीन भाचे आणि धुळ्याचे दोन काके एकमेकांच्या उरावर होते, आणि एक दात माझा नव्हता.

दात माझाच होता. म्हणजे आता नाही.

मंदा ओरडली, ओ चारूना बाप, वांगं भाजानं व्हतं, सोयरा नई!

चारू आली. ओरडली नाही, तेच वाईट. म्हणाली, नाना, आबा, दोघं ऐका. लग्नात एक शब्द ‘फुर्सत’ निघाला की मी कोर्टात लग्न करीन. तुम्हाला बोलावणार नाही. फोटो पाठवीन. डोळे भरले होते तिचे. मिरचीचा धूर होता म्हणा.

२० जानेवारी
लेक म्हणते ते बरोबर. शब्द काढायचा नाही. दिला शब्द.

पण व्याहीभेट तर होणारच! मांडवात दोन बाप छातीला छाती लावणार, तो रिवाज आहे. त्यात बोलावं लागत नाही. मगनआबांना फोन केला. म्हटलं, त्या विषयाचा निकाल भेटीत. ज्याचे पाय उचलले गेले, त्याची फुर्सत हरली. ते म्हणाले, ठरनं. म्हणाले, दात कसा शे? मी विचारलं, अंगठा कसा आहे? माणूस सोन्यासारखा आहे. नुसती आवड भिकार.

२४ जानेवारी
तयारी सुरू. गव्हाचं पोतं उचलायचा सराव.

२५ जानेवारी
कंबर धरली. पोतं ओलं असावं.

३० जानेवारी
अर्ध्या पोत्यावर आलो. शास्त्रीय पद्धत तीच.

३ फेब्रुवारी
उशी उचलतो. ताकद मनात असते.

६ फेब्रुवारी, सकाळी
फेटा बांधला. आतून कमरेला पट्टा. छाती वाघासारखी. चारूनं नमस्कार केला, म्हणाली, नाना, आज एक दिवस. म्हटलं, पोरी, बाप आहे तुझा. एक शब्दही बोलणार नाही.

६ फेब्रुवारी, संध्याकाळी, दवाखान्यात
एक शब्दही बोललो नाही.

वरात दाराशी आली. सनई थांबली. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला आबा. मधे सतरंजी. दोघांनी डोळे बारीक केले. पंखा कुरकुरत होता. गुरुजी म्हणाले, अहो, चला की. आम्ही सावकाश निघालो. असं चालणं पहिल्या फुर्सतीत आहे, पण तो विषय नको.

भिडलो. मी आवळलं, त्यांनी आवळलं. मी उचललं, त्यांनी उचललं. कट् असा आवाज आला. मला वाटलं त्यांची बरगडी. त्यांना वाटलं माझी. दोघांचंही खरं निघालं.

पडलो ते रुखवताच्या टेबलावर. साखरेचा रथ फुटला. भाच्यांना वाटलं नानांना मारलं, काक्यांना वाटलं आबांना. मग खुर्च्या उडाल्या. मठ्ठ्याचं पातेलं एकाच्या डोक्यात गेलं आणि तिथंच बसलं. वऱ्हाडातल्या दोघांना टाके. गुरुजी खिडकीतून गेले, मुहूर्तही त्यांच्या मागे गेला.

पाहिलं तर चारू मांडवात उभी, बाशिंग हातात. रडत नव्हती. तेजसला म्हणाली, चल. मी हाक मारली, पण बरगडीनं आवाज निघू दिला नाही.

लग्न मोडलं की काय? माझ्यामुळे नाही. पण मोडलं की काय?

९ फेब्रुवारी
लग्न मोडलं नाही. आज धुळ्यात कोर्टात झालं. नोटीस तिनं महिनाभर आधीच दिली होती. तारीख विचारली. पाच जानेवारी. म्हणजे ते लोक पोहे खायला येण्याच्या आदल्या दिवशी. मी राग सोडला, त्याच दिवशी.

आम्हाला बोलावलं नाही. आबा शेजारच्या खाटेवर आहेत, दोघांना सारखेच पट्टे. तेजसनं फोनवर दोन्ही पिक्चर पाठवले, म्हणाला, एकदाचे पाहून घ्या. पाहिले. माझ्या पहिलीत विहीर नाही. न्हाव्याची खुर्ची आहे. विहीर त्यांच्या दुसरीत निघाली, आणि पेल्यातलं पाणी चांगलंच सांडतं. नावंच इतकी सारखी ठेवल्यावर माणूस काय करणार?

आबांनी फोन उशीखाली सरकवला. मग म्हणाले, नाना, मंग आपण भांडनूत कसाकरता? मला हसू आलं. हसलं की बरगडी लागते. त्यांचीही लागली. नर्स ओरडली.

आत्ता चारूचा फोटो आला, बोलली होती तसा. कोर्टाच्या पायऱ्यांवर चारू आणि तेजस, गळ्यात हार. कडेला दोन्ही विहिणी गळाभेट घेतायत. मंदानं प्रमिलाबाईंना अलगद उचललंय, दोन्ही पाय पायरीच्या वर, चप्पल खाली गळून पडलीय. दोघी हसतायत.

ठरल्या नियमानं जळगाव जिंकलं. पण कुठली फुर्सत जिंकली, हे मंदाला विचारावं लागेल. तिनं एकही पाहिलेली नाही.