तीस युनिटं जास्त

२ डिसेंबर १९६७
विजेचं बिल आलं. तीस युनिटं जास्त. मीटर एक, बिऱ्हाडं तीन — मी आणि बायको अनुसूया, रात्रपाळीवाला जयसिंग आणि शाळेत शिकवणाऱ्या वसुंधराबाई. दोघा भाडेकरूंकडून बल्बामागे ठरलेला पैसा घेतो. ही तीस कुणावर टाकू? शोधून काढणार.

३ डिसेंबर
जयसिंगला त्याच्या बल्बाबद्दल विचारलं. म्हणाला, "बाबूजी, हमारा तो एक ही लट्टू है, वो भी आपसे डर-डर के जलता है." आणि हसला.

६ डिसेंबर
सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत मीटर वाचतो. शाळा चौथीपर्यंतच, पण अठ्ठावीस वर्षं इंजिनात कोळसा टाकताना काटे बघितलेत. दिवसा सगळं ठीक. रात्री नऊ ते सकाळी सात यात एक युनिट जास्त पळतं, रोज!
पहाटे कोण उठतं? मी — पाचला निघतो, स्टेशनच्या घड्याळाशी माझं घड्याळ मिळवून सहाला परततो. रिटायर झालो तरी एक दिवस चुकवलेला नाही. आलो की अनुसूयेने आंघोळीचं पाणी काढलेलं असतं. आणि वसुंधराबाई उठतात. त्यांच्याकडे विजेची इस्त्री आहे.

८ डिसेंबर
वसुंधराबाईंना बोललो. तीसही युनिटं तुमच्या नावावर. त्या म्हणाल्या, "काका, एका साडीला किती वेळ लागतो? तुमचा विश्वास नसेल तर रविवारी खोली सोडते."
अनुसूया म्हणते, "त्यांना नका हो बोलू. आपणच भरू." का म्हणून? खोकत खोकत वकिली! डॉक्टर तिला धूर टाळा म्हणतो. मी जन्मभर धूर खाल्ला, मला काय झालं?

९ डिसेंबर
पहाटे स्टेशनच्या अर्ध्या वाटेवरून, ओरछा गेटवरूनच परत फिरलो. गुपचूप मीटरपाशी उभा राहिलो. वसुंधराबाईंकडे अंधार. जयसिंग ड्यूटीवर. मीटरचं चाक गरगर फिरत होतं.
आमच्या न्हाणीत बादलीत पाणी तापवायचा रॉड. लाकडांचा बंब गार, आत चिमूटभर राख नाही. अनुसूया तोंडाला पदर लावून उभी. "धूर सोसत नाही मला. तुम्हाला सांगून बघितलं होतं."
हो. दोनदा सांगितलं होतं.

१० डिसेंबर, रविवार
वसुंधराबाईंची वळकटी बांधून झाली होती. दारातच सांगितलं — वीज माझ्याच न्हाणीत जात होती.
"ठाऊक आहे, काका. रॉड मानिक चौकातून मीच आणून दिला. काकूंनी शपथ घातली होती."
खाली बसलो. वळकटीची दोरी सोडली.