सात नंबर टेबलाचा वास

प्रिय शिट्टी,

सगळ्यात आधी वर आला तो कंपनीच्या माणसांचा ड्रायव्हर, आणि तोही बाथरूम विचारायला. दार उघडलं तर इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. मला वाटलं, हाच कंपनीचा साहेब. मी आपली या, बसा, पाणी घ्या करतेय आणि तो एका पायावरून दुसऱ्या पायावर. शेवटी म्हणाला, "आजी, पाण्याचं नावच काढू नका सध्या." तो आत गेला आणि मागून जिन्यात धापा टाकत दोघं आली, एक जाहिरातवाला आणि एक पोरगेलीशी बाई. तीन मजले चढून आलेली माणसं सगळी सारखीच दिसतात, साहेब काय नि हमाल काय.

तू आता पाकीट उलटसुलट करून बघत असशील की ही कोण बोलतेय. अगं, मी झाकणी. पॉलिशच्या कारखान्यातली, सात नंबर टेबलावरची, तुझ्या डाव्या हाताला बसणारी. एक्कावन्न वर्षांनी पत्र लिहितेय आणि सुरुवात बाथरूमपासून केली म्हणून रागावू नकोस. मला जसं घडलं तसंच सांगता येतं. चौथीपर्यंतच्या शाळेत तेवढंच शिकवलं. नात म्हणत होती, आजी, तू नुसतं बोल, मी मोबाइलवर लिहिते, चुकासुद्धा आपोआप सुधारतात. मी म्हटलं, नको, माझ्या चुका आहेत तिथे राहू देत. तिला वाटलं मी लाजतेय. वाटू दे.

तर ही माणसं आपल्या कंपनीची. कंपनी मधे दोनदा विकली गेली, पण डबीवरचा बूट तोच आहे. पॉलिश मात्र खपत नाही म्हणे फारसं. कसं खपेल? सगळे कापडी बूट घालतात, मळले की धुण्याच्या मशीनमध्ये टाकतात. आमच्या लेकाचे लग्नातले काळे बूट माळ्यावर आहेत, त्यात झुरळांचा संसार असेल. म्हणून कंपनीने आता सेंट काढलंय. पुरुषांसाठी. बायकांसाठी नाही, हे जाहिरातवाल्याने दोनदा सांगितलं, जसं काही मी लगेच फासून घेणार होते. मी म्हटलं, पॉलिशवाले सेंट काढायला लागले तर उद्या खराटेवाले तोंडाची क्रीम काढतील. सून म्हणाली, "अहो आई!" पण हसली. ती पोरगेलीशी बाई तर खूपच हसली. तीच म्हणे सगळे वास तयार करते, तेच शिकलीय. वासाचीसुद्धा पदवी असते, बघ. आपण फुकट शिकलो.

तिने टेबलावर तीन बाटल्या मांडल्या. चपट्या, गोल, अगदी डबीसारख्या, आणि बाजूला आपल्या झाकणाची ती फिरवायची चावी असायची ना, तशी खोटी चावी. मी सवयीने फिरवायला गेले तर फिरेना. पहिली बाटली न्हाव्याच्या टॉवेलसारखी. दुसरी, नवीन गाडीत बसल्यावर मळमळतं ना, तशी. ड्रायव्हर तोवर बाहेर आला होता, त्याला ती आवडली. तिसरी तिने माझ्या मनगटावर उडवली आणि जाहिरातवाला पुढे वाकून म्हणाला, "आजी, हा कणखर पुरुषाचा वास आहे. कष्टाचा, विश्वासाचा."

शिट्टे, मी नाक लावलं आणि हसायलाच लागले. इतकी हसले की वरची कवळी सैल झाली. लवंगेचं तेल आणि सुकवलेली संत्र्याची सालं! कणखर पुरुष कसला आलाय. तुझी आई दाताच्या डॉक्टरकडे लादी पुसायची, तिथून तू आणलेली ती तपकिरी बाटली, आणि सालं तर तुझ्या डब्यातली. खाली थोडं मेण, थोडं टर्पेंटाइन, तेही त्या पोरीने बरोबर पकडलंय. हुशार आहे. आपल्या टेबलाचा वास सही सही बाटलीत भरलाय. नावही "सात नंबर"च ठेवलंय.

मग जाहिरातवाल्याने पिशवीतून फोटो काढला. कंपनीच्या जुन्या कपाटात सापडला म्हणे. आपण दोघी, पुढ्यात डब्यांचा ट्रे. तू किटलीने गरम पॉलिश ओततेयस, मान खाली, नुसती वेणी दिसते. मी हातात झाकण धरून दात काढतेय, मला कोणी सांगितलंच नव्हतं की काम करताना फोटो असेल तर गंभीर राहायचं. तो म्हणाला, पेन्शनच्या यादीत सात नंबरवर तुमचं एकटीचंच नाव आहे, जुन्या नोंदीत एवढंच लिहिलंय की पॉलिशला हा वास पहिल्यांदा सात नंबरवर कामगार बाईने दिला, तर ती बाई तुम्हीच ना? आम्हाला तुमचा फोटो खोक्यावर छापायचाय, तुमच्या तोंडून गोष्ट ऐकायचीय, मोठा कॅमेरा घेऊन परत येतो, एका कागदावर सही लागेल.

आणि माझी मान हलली. होकारार्थी. तशी माझी मान हल्ली आपली आपणच हलते, डॉक्टर म्हणतात वयाने होतं, पण तुझ्याशी काय खोटं बोलायचं, त्या वेळी मीच हलवली. सून माझ्या खुर्चीमागे उभी होती, तिने खांद्यावर हात ठेवला. तीस वर्षांत पहिल्यांदा. नात मोबाइलने सगळं टिपत होती. ड्रायव्हरसुद्धा म्हणाला, "वा आजी!" इतक्या लोकांनी एकदम माझ्याकडे बघावं असं माझ्या लग्नातही झालं नव्हतं, तिथे सगळे जेवणाकडे बघत होते.

संध्याकाळी लेक कामावरून आला, सुनेने त्याच्या मानेवर ती तिसरी बाटली मारली आणि तो स्वयंपाकघरात माझ्या मागे येऊन उभा राहिला. "कसा वास येतो, आई?" मी भाजी चिरत होते. वळलेच नाही. त्याला म्हटलं, डोळ्यांत कांदा गेलाय. भाजी दुधीची होती.

तुला आठवतं का गं, तू शिट्टी का वाजवायचीस? बाकीच्या टेबलांवर घड्याळ बघायचे आणि तरी चुकायचे. तू किटलीने सहा सहा डब्या भरायचीस, ट्रे पुरा झाला की शिट्टी सुरू, एक अख्खं गाणं. गाणं संपेपर्यंत पॉलिशची चकाकी जाऊन वर मंद साय धरायची, आणि शिट्टी थांबली की मी झाकणं लावायची. आधी लावली तर आत घाम सुटतो, उशिरा लावली तर सुरकुती पडते. आपल्या डब्यांना ना घाम ना सुरकुती. मुकादम ओरडायचा, बाईमाणसाने शिट्टी वाजवायची नाही, हा कारखाना आहे की नाटक कंपनी? मग तू एक दिवस गप्प बसलीस आणि त्या दिवशी अर्धा माल परत आला. दुसऱ्या दिवशी तोच येऊन म्हणाला, वाजवा बाई, वाजवा, पण हळू.

वासाचं तर मी कधी घरी बोललेच नाही. ह्यांना तेवढं माहीत होतं, आणि हे जाऊन आठ वर्षं झाली. मला तिसरा महिना लागला होता आणि टर्पेंटाइनचा वास आला की पोटात ढवळायचं. मुकादमाला कळलं असतं तर तेव्हापासूनच बिनपगारी घरी बसवलं असतं, तसंच करायचे तेव्हा. तू विचारलंससुद्धा नाहीस. नुसतं माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि दुसऱ्या दिवशी ती तपकिरी बाटली घेऊन आलीस. मोठ्या कढईतून किटली भरून आणलीस की त्यात चार थेंब आणि सालाचा चुरा चिमूटभर. बस. माझं ढवळणं थांबलं. मला वाटलं आपली दोघींचीच गंमत, पण डब्या तर दुकानात जात होत्या. खोक्यात टेबलाची चिठ्ठी असायची ना, दुकानदार लिहायला लागले की आम्हाला सात नंबरचंच पॉलिश पाठवा. बूट घालणारी माणसं डब्या हुंगून घ्यायला लागली. तरी वरच्यांना पत्ता लागला नव्हता.

लागला तो त्या सोमवारी. तू रिकामे ट्रे आणायला गेली होतीस, किटली टेबलावर वाफाळत होती, आणि मला इतकं कसंतरी झालं की मी बाटलीच उपडी केली. चार थेंब नाही, अख्खी बाटली. क्षणात सगळा हॉल दाताच्या दवाखान्यासारखा. पलीकडच्या टेबलावरची म्हातारी म्हणाली, कुणाची दाढ काढताय? साहेब धावत आला, हातरुमाल नाकाला. कुणी केलं म्हणाला. मालात भेसळ म्हणाला. बाटली माझ्या पदराखाली होती. तू ट्रे खाली ठेवलेस, माझ्याकडे पाहिलंस, माझ्या पोटाकडे पाहिलंस, आणि म्हणालीस, "मी." माझ्या पदराखालून बाटली काढून तूच त्याच्या हातात दिलीस, जशी काही ठेवायला माझ्याकडे दिली होती.

दुपारपर्यंत तुझा हिशेब करून तुला फाटकाबाहेर घातलं. मी झाकणं लावत होते.

सहा महिन्यांनी मी बाळंतपणाहून परत आले तर कंपनीने मोठ्या कढईतच लवंग नि संत्रं घालायला सुरुवात केली होती, सगळ्या टेबलांसाठी. युक्ती कुणाची ते कुणी काढलं नाही, पण नाक काय झाकता येतं? तेव्हा तुझ्याकडे यायचं ठरवलं होतं. मग मुलाला गोवर निघाला. मग हे म्हणाले, आता कशाला उकरून काढतेस. मग आम्ही घर बदललं. कारणं मोजायला बसले तर ट्रे भरेल, आणि एकही डबी धड निघायची नाही.

तुझी खबर मला लागत होती बरं का. दोन वर्षांपूर्वी चष्मा करायला गेले, तर दुकानदार तुझा भाचा निघाला. नाकावरून ओळखला, अगदी तुझं नाक. मी आपली सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाला, मावशी नंतर शाळेत शिपाई होती, घंटा द्यायची, बत्तीस वर्षांत एकदाही घंटा मागेपुढे झाली नाही. मला इतका आनंद झाला की मी चष्म्याची काच न बघताच पास केली आणि आठवडाभर सगळं तिरकं दिसलं. त्याने तुझा पत्ता त्याच्याच कार्डामागे लिहून दिला होता. दोन वर्षं ते कार्ड माझ्या औषधांच्या डब्यात आहे. रोज सकाळी रक्तदाबाची गोळी काढताना वर येतं, मी परत खाली सारते.

आता का लिहितेय ते सांगते, हात दुखायला लागलाय. एकदा माझी चूक तू अंगावर घेतलीस आणि मी घेऊ दिली. आता तुझी करणी माझ्या नावावर छापायची आणि तेही मी होऊ द्यायचं, असं दोनदा नाही जमणार मला. मी सही करणार नाही. घरात अजून कुणाला बोलले नाही, सून तर शेजारणींना सांगून मोकळी झालीय, तिची जरा पंचाईत होईल, होऊ दे. कॅमेऱ्यासमोर मी बाटली कुणाची, उपडी कुणी केली, "मी" कोण म्हणालं, सगळं सांगणार आहे. पण मी एकटीने सांगितलं तर ते म्हणतील म्हातारी विनयाने बोलतेय, आणि खोक्यावर माझेच दात छापतील. म्हणून तू ये. यायलाच हवं असं नाही, मला कोणत्या तोंडाने म्हणता येईल तसं? तुला माझं तोंड बघायचं नसेल तर दोन ओळी लिहून पाठव, त्या मी वाचून दाखवीन, आणि शिव्या लिहिल्यास तर त्याही वाचीन. पण जमलं तर ये. भाच्याला मी फोन केलाय, दुकान बंद ठेवून गाडीने आणतो म्हणाला, तुला कमी ऐकू येतं तर मी मोठ्याने बोलेन, आणि तीन मजले आहेत पण मधल्या मजल्यावर खुर्ची टाकून ठेवते. खोलीत खिडकीजवळची जागा तुझी. ती वासवाली पोर चांगली आहे, तुला तिच्याशी बोलायला आवडेल, तिला अजून माहीत नाही की तिने बाटलीत भरलेला तो कणखर पुरुष आपल्या दोघींतली कोण होती. ती सगळी माणसं येत्या बुधवारी, सकाळी अकरा वाजता परत येतो म्हणालीत.

तुझीच, अजून तुझ्या डाव्या हाताला असलेली,
झाकणी