घरची बादली

वेस्ट मांबलम, चेन्नई
१६ जून २०२४

ती. ताईस,

उन्मेषचा नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, माझी तब्येत ठीक आहे. भाऊजींचा गुडघा कसा आहे? इथल्या उन्हाचं विचारू नकोस. फोनवर तू विचारतेस एक आणि मी बोलत सुटतो भलतंच, म्हणून लिहायला बसलो.

आईचे दिवस झाल्यावर सोमवारपासून कामावर जातोय. गुम्मिडिपूंडीला तोच उद्योग. हॉटेलांचं उरलंसुरलं माशीच्या अळ्यांना घालायचं, अळ्या वाळवून कोंबड्यांच्या खाद्यासाठी विकायच्या. तुझं 'शी' इथवर ऐकू आलं.

सध्या उपासाचा प्रयोग चालू आहे. काही ट्रेमधल्या अळ्यांना लहानपणीच उपाशी ठेवलं. त्या वाढ थांबवून वाट बघतात, आणि खाणं परत मिळालं की उशिरा का होईना, मोठ्या होतात. दुसऱ्या काही ट्रेंचं खाणं शेवटी शेवटी तोडलं. त्या वाट बघत नाहीत. अंगात असेल तेवढ्यावर घाईने कोश करून मोकळ्या होतात. त्यातून निघणारी माशी बारकी असते. कोश मात्र बघून ओळखू येत नाही, वजन करावं लागतं. मी रोज करतो, मिलिग्रॅमपर्यंत.

आईला हे सगळं सांगायचो. अळ्यांना ती 'तुझी लेकरं' म्हणायची. लोकांना सांगण्याआधी आपण करावं म्हणून घरचा ओला कचराही मी झाकणाच्या बादलीतून कंपनीच्या व्हॅनने न्यायचो. तिथे वजन करून वहीत 'घर' असं लिहून आकडा टाकायचा. संध्याकाळी आई विचारायची, "पुरलं का रे तुझ्या लेकरांना?"

तिचे हात थरथरायला लागल्यावर सीतालक्ष्मी मामींच्या मेसचा डबा लावला, दोघांचा. सांबार, रसम, पुळियोदरै, सगळीकडे चिंच. आंबट तिला सोसत नाही हे तुला माहीत होतं. मलाही माहीत होतं. इथे भेटेल तो 'साप्टाच्चा?' विचारतो, म्हणजे जेवलास का. उत्तर ठरलेलं, 'आच्चु', झालं. आई तेवढंच तमिळ शिकली. मी सकाळी सहाला निघायचो, परत यायला आठ वाजायचे. "साप्टाच्चा, आई?" "आच्चु!" आणि दोघं हसायचो.

सोमवारी पुन्हा बादली नेली. अळ्यांना खाणं घालणाऱ्या कृष्णस्वामीने झाकण काढलं आणि म्हणाला, "सार, सोरु काणोम?" भात कुठे गेला? मी म्हटलं, कसला भात? तर म्हणाला, तुमच्या बादलीत रोज असायचा की, वर सालं आणि खाली भात.

वजन भरलं एकशे ऐंशी ग्रॅम. मी वही मागे उलटत गेलो. नोव्हेंबरात साडेतीनशे. जानेवारीत सहाशे. मार्चनंतर नऊशेच्या खाली एकही दिवस नाही. अक्षर माझंच. एका आकड्याशेजारी मी 'छान' लिहिलंय.

डॉक्टरांनी तुला हृदयाचं सांगितलं ते खोटं नाही. पण दाखल करताना काट्यावर चौतीस किलो भरली होती. "आधी किती होतं?" असं त्यांनी विचारलं, मला सांगता आलं नाही. साडीत कळत नव्हतं, असं मी स्वतःला सांगतो.

तू तिला साताऱ्याला न्यायला आली होतीस. मुलगा असताना लेकीकडे कशाला, असं मीच म्हणालो होतो. आणि आता आपणच हट्ट करायला हवा होता म्हणून तू रडत असतेस, आणि मी ऐकून घेतो.

मला रडू आलेलं नाही. डबा आता एकाचा येतो. सगळा संपवतो. चव लागत नाही.

तेराव्याला, आणि त्यानंतर फोनवर दोनदा, तू विचारलंस, आई नीट जेवत होती ना. तिन्ही वेळा मी हो म्हणालो.

नव्हती जेवत, ताई. तिच्या वाटणीचा भात मीच रोज सकाळी घराबाहेर नेत होतो.

यापुढे फोन करायचा की नाही ते तू ठरव. मी आठनंतर घरीच असतो.

तुझा,
उन्मेष