होडीत उभा राहून गाणारा तो इसम

बोटीवरून, शुक्रवार

प्रिय गुड्रुनताई,

सत्तरीबद्दल पुन्हा एकदा अभिनंदन. गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरतेस ना? आयनर भावोजींची तब्येत ठणठणीत असणार, कारण काल त्यांचा आवाज मला पाण्यावरून स्वच्छ ऐकू आला. तो कसा, हेच सांगायला बसलोय.

तुझ्या वाढदिवसाला आम्ही बोटीच्या सहलीवर, भर समुद्रात असू, येणं जमणार नाही, असं मी फेब्रुवारीतच कळवलं होतं. पण परवा वारा असा उलटला की कप्तानाने ठरलेलं बंदर सोडून बोट थेट कोपनहेगनला आणली. सकाळी पडदा सरकवतो तो समोर आपलंच गाव. लिस्बेत म्हणाली, "चला ताईंकडे." मी म्हटलं, चार महिन्यांपूर्वी नकार कळवलेला माणूस जेवणाच्या टेबलाशी उगवला तर ताई त्याला बसवणार कुठे? (खुर्च्या तू महिनाभर आधी मोजतेस, नावांच्या चिठ्ठ्यासुद्धा स्वतःच्या हाताने लिहितेस.) "मग शहर तरी बघू," म्हणाली, आणि सख्ख्या नवऱ्याला परक्या प्रवाशांच्या घोळक्यात ढकललं. जन्मापासून ज्या गावात राहिलो ते बघायला निघालो, गळ्यात बोटीचं ओळखपत्र लटकवून. कुणी ओळखू नये म्हणून एका ऑस्ट्रेलियन बाईंची फुलाफुलांची टोपी मागून घेतली.

न्यूहाउनच्या धक्क्यावर वाटाडी मुलगी एका घराकडे बोट दाखवून म्हणाली, हा पिवळा रंग तीनशे वर्षांचा. ताई, तो मी लावलाय, अठ्ठ्याऐंशी साली, आणि दुसरा हात मारताना पाऊस आला म्हणून डावीकडे अजून डाग आहे. तेव्हा माझी रंगाची तीन दुकानं नव्हती, एक शिडी होती. मी तोंड उघडणार तोच लिस्बेतने कोपर मारलं.

मग होडीतून फेरी. ती क्रिस्टियान्सहाउनच्या कालव्यात वळली तेव्हा मला आठवलं की तुझं जेवण तिथेच काठावर, उघड्यावर मांडलंय. मी बाकाखाली गेलो. मुलीने विचारलं, काकांना होडी लागते का? "नाही, लाजताहेत," लिस्बेत म्हणाली.

तेवढ्यात तुम्ही गायला लागलात. माझंच गाणं, तुझ्या सत्तरीसाठी लिहून टपालाने पाठवलेलं, सात कडव्यांचं. पहिली तीन कडवी बरी झाली (भावोजी चालीच्या मागून येत होते, पण येत होते). आणि मग त्यांचा आवाज, "चौथं गाळा हो, स्नॅप्सचे प्याले गरम होताहेत!" लगेच सगळे पाचव्यावर.

ताई, ते गाणं मी लिहिलंच होतं चौथ्या कडव्यासाठी. तू सायकल विकून मला पहिली शिडी घेऊन दिलीस आणि तो अख्खा हिवाळा कामावर चालत गेलीस, ते त्यात आहे. बाकीची सहा नुसती भरताड. त्यामुळे मी उठलो आणि होडीत उभा राहून चौथं कडवं म्हटलं, सगळं. मुलगी ओरडत होती, काका, खाली बसा, पूल आलाय. पुलाने टोपी नेली, डोकं थोडक्यात वाचलं. तेव्हा सांगतो, भावोजी म्हणाले तसा होडीतला तो इसम "कुणी प्यायलेला स्वीडिश" नव्हता. (माझे कान तुला ठाऊक आहेत.) तू मात्र काठाशी येऊन होडी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिलीस. रात्रभर तेच डोक्यात आहे.

तुझा धाकटा भाऊ,
प्रेबेन

ता. क. पत्र लिस्बेतने वाचलं. म्हणते, खरं लिहा, नाहीतर मी लिहिते. वारा नव्हता. कोपनहेगन पहिल्यापासून सहलीच्या छापील कार्यक्रमात होतं, तुझ्याच तारखेला, आणि ते मला फेब्रुवारीत ठाऊक होतं. तुझ्या साठीला भावोजींचं भाषण पावणेदोन तास चाललं होतं, ते आठवून मी घाबरलो आणि नकार कळवला.

आणखी एक. तुझ्या उजव्या हाताला एक खुर्ची रिकामी होती. पुढ्यात घडी न मोडलेला रुमाल आणि चिठ्ठी. होडीतून नाव वाचता आलं नाही. माझं असेल तर रीतसर बोलाव, आम्ही तेवीस तारखेला परततोय. भाषण पुन्हा झालं तरी बसेन.